शेवटचा डबा दिसेपर्यंत

सेलूत रुख्मिणीबाई खिल्लारे यांच्या घराला वर एकच खोली आहे, आणि त्या खोलीत माणसांना बसायला धड जागा नाही. तीन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीवर फळी ठोकलेली आहे. फळीवर रूळ आहेत, सेलू आणि मानवत रोड अशी दोन स्टेशनं आहेत, ओव्याच्या वाळल्या काड्यांचं तुरीचं शेत आहे, पत्र्याची कापसाची जिनिंग आहे आणि बरोबर मधोमध एक रेल्वे गेट आहे. गेटजवळ दीड इंच उंचीची पिवळी खोली. तिच्या दारात पाण्याचा माठ. हा माठ म्हणजे तपकिरी रंगवलेला ज्वारीचा दाणा आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं रुख्मिणीबाईंनी हातानं केलंय. रूळ, इंजिनं आणि डबे तेवढे विकतचे. पुण्याचा एक शौकीन माणूस घर बदलताना सगळं काढून टाकत होता, त्याच्याकडून सुगतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ते आणलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान असा हिशेब असतो, तो रुख्मिणीबाईंनी सुगतकडून समजून घेतला आणि मग शिवणकामाच्या टेपनं सगळं मोजून घेतलं. त्यांचं शिक्षण सातवी. वय त्रेसष्ट.

त्या रेल्वेत गेटवर होत्या. नवरा लिंबाजी गँगमन होता. तो काविळीनं गेला तेव्हा सुगत नऊ वर्षांचा. लिंबाजीच्या जागी त्यांना लावून घेतलं आणि मग सेलू ते मानवत रोडच्या मधल्या एका गेटवर त्यांनी चोवीस वर्षं काढली. आता तिथं खालून रस्ता झालाय, गेट राहिलं नाही. फळीवर आहे तेवढंच.

गेटचं काम लोकांना वाटतं दांडा खाली-वर करायचं. तसं ते नसतं. स्टेशनमास्तर फोन करतो, गाडीचा नंबर सांगतो. तो जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा. मग गेट लावायचं, कुलूप घालायचं आणि त्यानंतर फोनवर एक आकडा द्यायचा. आकड्यांचा कागद असतो, त्यातला पुढचा आकडा. दिला की खोडायचा. तो आकडा मास्तरच्या कानावर पडला म्हणजे गेट बंद आहे. तो पडल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नाही. त्यात मास्तर ओळखीचा असो, घाईत असो, शिव्या देत असो. रुख्मिणीबाईंनी एकदा आकडा देऊन झाल्यावर एका आमदाराच्या गाड्या अडकल्या तरी गेट उघडलं नाही आणि एकदा कुलूप अडकलं म्हणून आकडा दिला नाही, गाडी सिग्नलला सात मिनिटं उभी राहिली. दोन्ही वेळा चौकशी झाली. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, की गेट बंद नसताना बंद आहे म्हणून कसं सांगू.

ही सवय घरात आली तेव्हा सून धम्मशीला हैराण झाली होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर चाळीस पोरांना एकच गोष्ट दहादा सांगून आलेल्या बाईला घरी कोणी गॅस बारीक कर म्हटलं तर ती गॅस बारीक करणार, तोंडानं बोलणार नाही. पण बाहेरून पुन्हा आवाज यायचा, की केला का? लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा तिनं एकदा विचारलं, "आत्या, तुमी मला गेट समजायलात का?"

"गेटवरून जबाब तरी यायचा," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

त्यावर धम्मशीला तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की गॅस बारीक केला, नंबर चौतीस. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं. वरच्या खोलीतलं तिचं कपाट खाली आलं, कुरडया वाळवायची बाज गच्चीवर गेली, तेव्हाही ती फार बोलली नाही. सासूला भिशीचा नाद असता तर बाहेर तरी गेल्या असत्या, एवढंच म्हणाली.

रेल्वेचं सुरू झालं ते नातीच्या खेळण्यावरून. सृष्टीला वाढदिवसाला प्लॅस्टिकची आगगाडी आली होती. तिच्यातलं गेट गाडी जवळ आली की आपोआप खाली पडायचं. रुख्मिणीबाई म्हणाल्या की हे चूक आहे, गाडी यायच्या आधी गेट बंद लागतं. त्यांनी बांबूच्या कामट्यांचं गेट करून दिलं. सृष्टी पुढं शिकायला वसतिगृहात गेली. गेट वाढत राहिलं.

तीन वर्षांत सगळं झालं आणि मग एका गोष्टीवर अडलं. त्या रेल्वेमार्गानं प्रवास केलेल्या कुणालाही क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एकेरी मार्ग, त्यामुळं एक गाडी स्टेशनात बाजूला उभी राहणार, समोरून दुसरी येऊन निघून जाणार, मग पहिली सुटणार. गाडीतले लोक भुईमुगाच्या शेंगा खात बसणार. रुख्मिणीबाईंना ते फळीवर हवं होतं. पण जुना कंट्रोलर होता तो साधा. बटण फिरवलं की रुळात करंट जायचा, आणि रुळावर जेवढी इंजिनं असतील तेवढी सगळी पळायला लागायची. मालगाडी थांबव आणि एक्सप्रेस सोड, हे त्याला सांगताच यायचं नाही.

सुगत आयटीआयला वायरिंग शिकवतो. त्यानं सांगितलं की आता डिजिटल कंट्रोल असतो. रुळात करंट कायम चालू. प्रत्येक इंजिनात नखाएवढी चिप, आणि चिपला नंबर. कंट्रोलच्या डब्यातून हुकूम जातो तो नंबर घेऊन जातो. तीन नंबर, पुढं हो. मग तीनच हलणार, सात जागेवर.

"म्हंजे आमचा फोन," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "एकाच तारेवर सगळे गेट. ज्याला हाक मारली त्यानंच बोलायचं."

"तसंच, माय."

त्या वेळी दोघांनाही वाटलं की प्रश्न सुटला. प्रश्न तिथून सुरू झाला, कारण अशा सिस्टीम पुष्कळ निघाल्या. सुगतनं सहा महिने व्हिडिओ बघितले. शेवटी तीनवर आला आणि तिन्हींचा तक्ता करून फ्रिजवर लावला. पहिली मोबाइलवर चालणारी. ती रुख्मिणीबाईंच्या बोटांनीच बाद केली. चोवीस वर्षं लोखंडी चक्र फिरवलेली बोटं स्क्रीनला लागायचीच नाहीत. दुसरी नावाजलेली. मोठा हँडसेट, इंजिनाचे अठ्ठावीस आवाज, हॉर्न, ब्रेक, वाफ सोडल्याचा आवाज. तिसरी साधी दिसणारी. आवाज जवळपास नाहीत, पण तिच्यात रुळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वायर जोडायची, म्हणजे कुठल्या तुकड्यात काय उभं आहे ते कंट्रोलच्या डब्याला कळतं. सुगतच्या तक्त्यात तिसरीपुढं लिहिलं होतं, काम लय.

दुसरी घ्यायची हे त्याचं ठरलं होतं. कारण किशनरावांकडं तीच होती.

किशनराव परभणीत राहतात. वीजखात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त. असा छंद असलेला आसपासच्या गावांतला सुगतच्या माहितीतला तो एकच माणूस, त्यामुळं या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा भाचा भागवत जर्मनीत असतो. तो गुरुवारी निघणार होता, आणि सामानात कंट्रोलचा एक डबा आणतो म्हणाला होता. एकच. कुठला ते रविवारी संध्याकाळी सहाच्या फोनवर सांगायचं, म्हणजे तो सोमवारी दुकानात जाईल. पुढची खेप दोन वर्षांनी. किशनराव म्हणाले, रविवारी आईला घेऊन या, चालवून बघा आणि मग बोला.

रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली. जाताना मायलेक रेल्वेनंच गेले. आपल्या गेटची जागा आली तेव्हा त्या उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या.

किशनरावांच्या घरी दार कुसुमबाईंनी उघडलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, मग आडनाव विचारलं. रुख्मिणीबाईंनी सांगितलं. कुसुमबाई बरं बरं म्हणाल्या आणि पुढं काही विचारलं नाही. मग बसायच्या खोलीकडं बोट दाखवून म्हणाल्या की सोफा होता इथं, तो विकून ह्यांनी हे डोंगर आणले. तेव्हा दोघींनी एकमेकींकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

डोंगर खरंच होते. बाहेर परभणीचं एप्रिलचं ऊन आणि आत पांढरंशुभ्र बर्फ, देवदारची झाडं, लाल छपरांची घरं. डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदा. किशनरावांनी सुगतला सगळं दाखवलं. बोलत ते सुगतशीच होते. आईंना आवडतंय का, आईंना आवाजाचा त्रास होत नाही ना, असं मधूनमधून विचारायचे, तेही सुगतलाच.

मग त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं की आईंना चालवू द्या. "घ्या मावशी. हा हँडसेट."

रुख्मिणीबाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला. पदर सावरला. हँडसेट कानाला लावला आणि म्हणाल्या, "बोला."

किशनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुगतचे कान लाल झाले. त्यानं पुढं होऊन हँडसेट मायच्या हातातून काढून घेतला, जरा ओढूनच, आणि म्हणाला की हा फोन नाही, हे बटण फिरवायचं. स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमबाई बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

रुख्मिणीबाईंचा हात तसाच कानाशी राहिला होता. त्यांनी तो खाली घेतला. लाजल्या असतील, पण दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग गाडी निघाली हे ह्यो सांगतो कसं?"

किशनराव म्हणाले की सांगायचं कशाला, आपण हुकूम द्यायचा, इंजिन ऐकतं.

"ऐकलं हे कसं कळतं?"

"दिसतंय की डोळ्यांनी. आणि इथं स्क्रीनवर येतं, बघा. तीन नंबर, वेग चाळीस."

"हे तर तुमीच सांगितलेलं लिवलंय त्यानं. गाडीचा जबाब कुठंय?"

किशनराव सुगतकडं वळले आणि म्हणाले, "मातोश्रींना जरा वेळ लागेल." सुगत हसला. ते हसणं पुढं कित्येक दिवस त्याला आठवत राहिलं, असं त्यानंच नंतर धम्मशीलाला सांगितलं.

चहा आला. घरातल्याच कपबश्या होत्या, सगळ्यांच्या सारख्या. किशनरावांनी चहा घेता घेता मुख्य खेळ दाखवायला घेतला. तीन नंबरच्या इंजिनामागं चौदा डब्यांची मालगाडी. सात नंबरची पॅसेंजर तिच्यामागं उभी. मालगाडी बोगद्यातून पलीकडं निघाली की पॅसेंजर त्याच रुळावरून सोडायची. त्यांनी बटण फिरवलं. मालगाडी भोंगा देत बोगद्यात शिरली. शेवटच्या डब्याला मागं लाल दिवा होता, मुगाएवढा. तो अंधारात गेला.

सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडं बघू लागले. इंजिन बाहेर आलं. किशनरावांनी हॉर्नचं बटण दाबलं, त्याचा आवाज खरोखर सुंदर होता. त्यांनी सातचा नंबर लावला आणि पॅसेंजर सोडली. सुगत व्हिडिओ काढत होता.

"थांबवा," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

किशनरावांना वाटलं, चहा सांडला. त्यांनी मागं बघितलं.

"गाडी पूर्ण आली न्हाई. सात नंबर थांबवा."

आली की, ती काय पुढं चालली, असं किशनराव म्हणाले. पॅसेंजर वेग घेत होती. बोगद्याचं तोंड वीतभर राहिलं होतं. रुख्मिणीबाईंनी कप खाली ठेवला, दोन पावलं पुढं झाल्या आणि बोगद्याच्या तोंडाशी रुळावर हाताचा पंजा आडवा उभा केला. इंजिन येऊन पंजाला थडकलं. चाकं जागेवर गरगरत राहिली. किशनरावांनी घाईनं बटण शून्यावर आणलं. दुसऱ्याच्या घरातल्या महागाच्या वस्तूला मायनं हात घातला, एवढंच त्या क्षणी सुगतला कळलं.

"माय, काय करायलीस?"

"चौदा डबे गेले, नऊ आले. जाताना मागं लाल दिवा होता, येताना न्हवता. पाच आत हायत."

किशनराव डोंगराकडं वळले. डोंगराचा वरचा भाग उचलून घेता येतो, तसा तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. बर्फाखाली, वळणावर, पाच डबे एकमेकांना धरून उभे होते. शेवटच्याचा दिवा लागलेलाच होता. हँडसेटच्या स्क्रीनवर सातच्या ओळीत शून्य आलं होतं, पण वरच्या ओळीत अजून सगळं ठीक दिसत होतं. तीन नंबर, वेग चाळीस.

त्यांनी पुढच्या डब्याचा हूक बोटानं चाचपून बघितला. मग म्हणाले की कपलिंग सुटलं, असं होतं कधीकधी, त्यात सिस्टीमचा काय दोष. ते खरंच होतं आणि रुख्मिणीबाईंनी ते मान्यही केलं.

"दोष न्हाई म्हणत मी. तिला ठाऊकच न्हाई, तिनं तरी काय करावं. पण साहेब, तिला ठाऊक न्हाई आन् तुमी तिच्या भरवशावर दुसरी गाडी सोडली."

किशनराव खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, आणि या वेळी सुगतकडं न बघता विचारलं, की तुम्ही डबे मोजत होता का. रुख्मिणीबाई म्हणाल्या की मोजत नव्हत्या, मोजले जातात. गेटवर झेंडी घेऊन उभं राहिलं की इंजिनाकडं बघायचं काम नसतं, ते पोरं बघतात. बघायचं ते शेवटच्या डब्याकडं. त्याच्या मागं पाटी असते, ती दिसली तर गाडी पूर्ण गेली. नाही दिसली तर गाडी तुटलेली आहे, मागं कुठंतरी डबे उभे आहेत, आणि ते जोवर मास्तरला कळत नाही तोवर दुसरी गाडी येऊ शकते. चोवीस वर्षांत तसं कधी झालं का, असं किशनरावांनी विचारलं. एकदा, म्हणाल्या. आणि खाली ठेवलेला कप उचलला. सुगतलाही ते माहीत नव्हतं.

घड्याळात साडेपाच झाले होते. सुगतनं हळूच म्हटलं की माय, आपण घरी जाऊन बोलू. पण सहाला भागवतचा फोन येणार होता, घरी जाऊन बोलायला वेळच नव्हता. मग त्यानं मनातलं सांगितलं. तिसऱ्या सिस्टीमला रूळ नऊ जागी कापावे लागतील. बसवलेले, खडी चिकटवलेले रूळ. शिवाय तिला इंजिन ओळखू येतं ते त्यातल्या मोटारीमुळं; डबे ओळखू यायला प्रत्येक डब्याच्या आसाला कार्बनचा लेप द्यावा लागतो, म्हणजे मग उभे राहिलेले पाच डबेही तिला कळतात. आपल्याकडं सत्तेचाळीस डबे आहेत. आणि एवढं करून आवाज काहीच नाहीत. शिट्टीसुद्धा धड नाही.

"लेप मी देते," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "शिट्टी तू तोंडानं वाजव."

स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमबाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. म्हणाल्या की परत बोलून दाखवणारी गोष्ट मिळत असेल तर घ्याच बाई, आमच्या घरात सांगितलेलं ऐकलं की नाही तेच चाळीस वर्षं कळलं नाही. किशनरावांनी ते ऐकलं की नाही, तेही कळलं नाही.

फोन सहाला आला. किशनरावांनी स्पीकर लावला आणि तिसऱ्या सिस्टीमचं नाव सांगितलं. भागवतला दुसरंच नाव अपेक्षित होतं, त्यानं विचारलं की मामा, तुमची सोडून ही का, हिला भारतात कोणी विचारत नाही, कुणी सांगितली? सुगतनं तोंड उघडलं, पण किशनराव आधी बोलले.

"एक बाई आहेत. रेल्वेतल्या आहेत त्या. त्या म्हणतात तीच आण."

भागवत म्हणाला, मग प्रश्नच नाही.

परतीच्या गाडीत सुगत खिडकीकडं बघत बसला होता. मानवत रोड गेल्यावर त्यानं म्हटलं, "हँडसेट मी ओढून घ्यायला नको होता." रुख्मिणीबाई म्हणाल्या की हो, नको होता. मग पिशवीतून पेरू काढून त्याला अर्धा दिला.

घरी धम्मशीलानं विचारलं तेव्हा सुगतनं सगळं सांगितलं, बोगद्यात राहिलेले डबे, मायचा पंजा, किशनरावांचा चेहरा. हँडसेटचं गाळलं. ते रुख्मिणीबाईंनीच सांगितलं, कानाला वाटी लावून, बोला म्हणून दाखवून, आणि धम्मशीला हसता हसता खाली बसली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं सगळ्या शिक्षिकांना सांगितलं. सांगताना तिनं 'आमच्या आत्या' असं किती वेळा म्हटलं ते मधल्या सुट्टीतल्या बायकांनी मोजलं असेल.

भागवतबरोबर सिस्टीमचा डबा आला. रूळ कापायला सुगतला दोन रविवार लागले. पहिला काप घालताना त्याचाच हात थांबला होता, रुख्मिणीबाई म्हणाल्या की काप, मी धरते. सत्तेचाळीस डब्यांच्या आसांना त्यांनी बारीक ब्रशनं लेप दिला, रोज दुपारी चार-पाच डबे. एकेक डबा रुळावर ठेवून, सुगतनं भिंतीवर लावलेल्या दिव्यांच्या पाटीवर त्या तुकड्याचा लाल दिवा लागतो का ते बघितलं. सहा डब्यांचा लागला नाही. ते पुसून पुन्हा केले. जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी गाड्या चालवायचं ठरलं. किशनराव आणि कुसुमबाई परभणीहून आले. खोलीत जागा नव्हती म्हणून कुसुमबाई आणि धम्मशीला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

सिस्टीमबरोबर दोन हँडसेट आले होते. सुगतनं एक स्टेशनांसाठी लावला होता आणि एक गेटसाठी. गेटच्या हँडसेटवर गेट लावायचं, ते खरंच लागलं की बटण दाबून जबाब द्यायचा. तो जबाब आला की स्टेशनच्या हँडसेटवर हिरवा दिवा लागणार, तोवर गाडी सुटणारच नाही. हे त्यानं स्वतः आठ दिवस खपून जमवलं होतं, मायला न सांगता. त्यानं स्टेशनचा हँडसेट आपल्यासमोर ठेवला आणि गेटचा मायकडं सरकवला. त्यात वेगळं काही आहे असं त्याला वाटलं नाही. गेट तिचंच होतं.

रुख्मिणीबाईंनी तो हँडसेट उचलून बघितला, बटण दाबून बघितलं आणि फळीवरून परत त्याच्याकडं ढकलला.

"गेटवर तू बस."

"मग तू?"

"चोवीस वर्षं मी जबाब दिला. आता मी इचारनार."

जिन्यावरून धम्मशीला म्हणाली की द्या हो लवकर, मास्तर खोळंबल्यात. सुगत उठला. दोघांनी खुर्च्या बदलल्या. रुख्मिणीबाईंनी चष्मा लावला, दोन्ही स्टेशनांकडं बघितलं, मालगाडी मानवत रोडला बाजूच्या रुळावर घेऊन थांबवली. पाटीवर तिच्या तुकड्याचा दिवा लाल झाला. मग त्यांनी मोठ्यानं गाडीचा नंबर सांगितला, सेलूहून एक्सप्रेस सुटणार, गेट बंद करा. सुगतनं तो परत बोलून दाखवला. कामट्यांचा दांडा खाली आला.

हिरवा दिवा लागेना.

एक्सप्रेस सेलूला उभी. किशनराव पुढं वाकून बघत होते, त्यांच्याच्यानं राहवेना. ते म्हणाले, "सोडा बाई. गेट बंद झालंय, इथून दिसतंय."

"तुमाला दिसतंय. माझ्याकडं जबाब न्हाई आला."

किशनरावांनी हात मागं बांधले आणि सरळ उभे राहिले.  मग दिवा लागला. रुख्मिणीबाईंनी बटण फिरवलं, एक्सप्रेस सेलूतून निघाली, तुरीच्या शेताजवळून, पिवळ्या खोलीवरून, मानवत रोडला उभ्या मालगाडीशेजारून थेट निघून गेली. क्रॉसिंग झालं. कुसुमबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्या पाठोपाठ किशनरावांनी.

रुख्मिणीबाईंनी टाळ्या संपू दिल्या. मग खुर्ची फिरवून त्यांनी विचारलं, "गेटला उशीर का झाला?"

सुगतला वाटलं, माय गंमत करायलीय. चेहरा बघितल्यावर तो उठून उभा राहिला.

"व्हिडिओ काढायलो होतो."

"मेमो द्या, आत्या, लेखी," धम्मशीला म्हणाली.

"मोबाइल तिच्याकडं दे आन् बस," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मालगाडी सोडायची हाय."

सुगतनं मोबाइल बायकोकडं दिला आणि तो गेटवर बसला.